आधी बोट, मग पाणी

राजारामपुरीत कुणाच्या दवाखान्यात, क्लासमध्ये नाहीतर ऑफिसात कुंडीतला पाम मान टाकायला लागला, की तिथली माणसं आधी त्याला पाणी घालतात. तरी सुधारला नाही, तर आणखी पाणी घालतात. आणि मग तो अगदीच पिवळा पडला, की क्रांती शिंगेला फोन लावतात.

क्रांती स्कूटीवरून येते. पायाशी खताची पिशवी, डिकीत कात्री, फडकं आणि फवारायची बाटली. आल्या आल्या ती कुणाशी बोलत नाही. सरळ कुंडीपाशी जाते, ओढणी कमरेला बांधते आणि मातीत बोट खुपसते. मग त्या बोटाकडं बघते, कुंडीकडं बघते आणि शेवटी समोरच्या माणसाकडं.

“पाणी कोण घालतंय हितं?”

“आम्ही सगळेच घालतो की. पेशंटसुद्धा बाटलीतलं उरलेलं घालतात,” तो माणूस कौतुकानं सांगतो.

“मग जगंल कसं ते? बुडवून मारलायसा त्याला.”

असं बोलून तिची गिऱ्हाइकं तुटत कशी नाहीत, असं बाहेरच्याला वाटेल. पण हे कोल्हापूर आहे. इथं गोड बोलणाऱ्याकडं लोक जरा सावधपणे बघतात आणि तोडून बोलणाऱ्याचं काम चोख असणार, असं धरून चालतात. क्रांतीचा आवाज मोठा, बोलणं इथल्या बायकांचं, म्हणजे ‘मी करतो, मी येतो’ असं, आणि सगळ्यांना सांगायची गोष्ट एकच. आधी बोट, मग पाणी. बोटाला ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं.

हे शहाणपण तिला काही जन्मजात नव्हतं. तिचं माहेर गगनबावड्याजवळच्या एका बौद्धवाडीतलं. तिथं पाऊस एवढा, की अंगणात रोवलेली काठीसुद्धा पालवते. झाडाला पाणी घालावं लागतं, ही गोष्टच तिला लग्न होऊन कळंब्याला आल्यावर समजली. नवरा मिलिंद रिक्षा चालवायचा. घराला हातभार म्हणून क्रांती राजारामपुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात लागली. फरशी पुसायची, पेशंटला हाताला धरून आत न्यायचं, औषधाचे थेंब घालायचे आणि बाहेरच्या खोलीतल्या पामकडं बघायचं.

पामकडं तिनं जीव तोडून बघितलं. माहेरच्या पावसासारखं रोज सकाळ-संध्याकाळ त्याला न्हाऊ घातलं. तो पाम मेला. डॉक्टरांनी दुसरा आणला, तोही मेला. तिसरा आणला तो मरायला टेकल्यावर तिनं लाजेपोटी जिन्याखाली लपवून ठेवला आणि दवाखान्यातल्या गर्दीत विसरूनच गेली. बऱ्याच दिवसांनी झाडू शोधायला वाकली, तर त्याच्या मधोमध हिरवीगार सुई वर आलेली. पामचं नवीन पान घडी घालूनच येतं, सरळ आणि टोकदार. क्रांती त्याला सुई म्हणते. ती सुई बघून तिला स्वतःचा रागही आला आणि हसूही आलं. तिचे लाड थांबले तेव्हा कुठं ते झाड जगलं होतं.

तिथून तिला नादच लागला. पानांची टोकं करपली तर बोअरच्या पाण्यातले क्षार, मग पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवायचं. पानामागं बारीक जाळी दिसली तर लाल कोळी ही कीड, मग ओल्या फडक्यानं पुसून काढायचं. पामला घट्ट कुंडी आवडते, त्याची मुळं उगीच उसकायची, विस्कटायची नाहीत. शेंडा छाटायचा नाही, शेंडा गेला की ती काडी संपली. एकेक गोष्ट ती झाडं मारत, वाचवत शिकली. आजूबाजूच्या दवाखान्यांतून बोलावणी यायला लागली. कळंब्याच्या घरामागं तिनं हिरवी जाळी बांधली आणि तिच्या सावलीत स्वतःचे पाम वाढवले. ते ती भाड्यानं द्यायची. काही दिवस झाड गिऱ्हाइकाकडं, मग परत जाळीखाली विश्रांतीला आणि त्याच्या जागी दुसरं.

दवाखान्याची नोकरी मात्र सुटत नव्हती. तिथं सगळे तिला मावशी म्हणायचे. मावशी, इकडं सांडलंय. मावशी, थेंब घाला. तसं या शब्दात वाईट काही नाही. पण इतकी वर्षं काम करून तिथल्या निम्म्या लोकांना तिचं नाव माहीत नव्हतं, आणि हे तिला मनातून फार लागायचं. वडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव होतं ते.

अशात विश्वजित इंगवले तिच्याकडं आले. कळंब्याच्या वाटेवर त्यांनी लग्नाचा नवा हॉल बांधला होता. थंड हवेची मशीनं, काचेचा दरवाजा, चकचकीत फरशी. स्टेजच्या दोन्ही अंगांना आणि लांब व्हरांड्यात त्यांना पाम हवे होते.

“शिंगे मॅडम,” ते म्हणाले, “ही लग्नसराई बघू. झाडं चांगली टिकली तर हॉलचं कायमचं काम तुमचं. माझ्या भावाचं हॉटेल होतंय, तेही तुम्हालाच.”

शिंगे मॅडम. क्रांतीनं घरी जाऊन मिलिंदला हे दोन शब्द आधी सांगितले, कामाचं नंतर. तो हसला आणि म्हणाला, “कर की मग. दवाखाना सोड.” त्याच्या पाठीचं दुखणं वाढलेलं, रिक्षा जेमतेम अर्धा दिवस चालायची. तरीही तो सोड म्हणाला. तिनं दवाखाना सोडला आणि तिच्या जागी लगेच दुसरी बाई आली. आता हॉलमधले पाम टिकले नाहीत तर या वयात पुन्हा कुठंतरी नवीन दाराशी जाऊन मावशी व्हायचं, एवढाच रस्ता उरला होता.

जाळीखालची सगळ्यात देखणी झाडं तिनं हॉलवर नेली. बांबूसारख्या पिवळट काड्यांचे अरेका आणि पंजासारख्या पानांचे रॅफिस. इंगवल्यांच्या हौसेखातर कुंड्यांत मातीवर पांढरे गोटे पसरले. गोटे तिला पसंत नव्हते. माती डोळ्याला दिसायला हवी, असं तिचं म्हणणं. पण पहिलंच मोठं काम, म्हणून ती गप्प बसली.

हॉलच्या दारावर गुंडू वस्ताद राखणीला होते. वय झालेलं, कान मोडलेले, मान अजून खांबासारखी. स्टुलावर बसले की स्टूल दिसायचं नाही. उमेदीत जवळच्या एका तालमीत त्यांनी पोरं घडवली होती आणि अजून पहाटे तिथं जाऊन ते हौदातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती उकरायचे. हॉलच्या पोरांनी पहिल्या दिवशी क्रांतीच्या कुंड्या फरफटत न्यायला सुरुवात केली, तेव्हा वस्ताद उठले. “बाजूला व्हा रं, पैलवानाला काय असं ओढत न्हेत्यात का,” म्हणाले आणि एकेक कुंडी छातीशी धरून आत ठेवून आले. क्रांतीला ते तिथंच आवडले.

पहिली काही लग्नं झकास गेली. लोक पामपाशी उभं राहून फोटो काढायचे. आणि मग पानांवरचं तेज गेलं. पानं आतल्या बाजूला मिटायला लागली, टोकं विस्तवाजवळ धरल्यासारखी करपली. क्रांतीनं पांढऱ्या फडक्यानं पानांची मागची बाजू पुसून बघितली, फडकं स्वच्छ. कीड नव्हती. थंड हवेचा झोत लागत असेल म्हणून कुंड्या हलवल्या. उपयोग झाला नाही. मग गोट्यांच्या फटीतून तिनं बोट घातलं. माती ओलसर आणि घट्ट लागली. कुंडीखालची ताटली तर पाण्यानं भरलेली.

“पाणी जास्त हुतंय,” तिनं निकाल दिला आणि झाडांचं पाणी तोडलं.

झाडं आणखी सुकली. पुढच्या खेपेला तिच्या बोटाला पिवळट तांबडा रंग लागला. तिनं वास घेतला, हळद. हॉलमध्ये लग्नाआधी हळदी व्हायच्याच. म्हणजे हळदीचं पाणी कुणीतरी कुंड्यांत ओततंय, असं तिनं ठरवून टाकलं आणि तडक स्वयंपाकघरात गेली. तिथं अंबूबाईचं राज्य होतं. जेवणावळीचं सगळं काम ही बाई एका जागी बसून, नुसत्या आवाजावर चालवायची.

“तुमच्या बाया माझ्या कुंड्यांत घाण वतत्यात,” क्रांती म्हणाली.

अंबूबाईनं मान वर केली. “माझ्या बायकांनी भाकरी थापायच्या का तुझ्या कुंड्यांत वतत बसायचं? काय बघितलंस डोळ्यानं?”

“हळद लागली की हाताला.”

“हळद हितं सगळ्या गावाला लागती. जा, तुझं काम बघ.”

दोघींचे आवाज व्हरांड्यात ऐकू गेले. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

इंगवले कमी बोलणारे. त्यांनी फक्त एका करपलेल्या पानाला हात लावला, तर ते देठाशी खाली लोंबलं. “शिंगे मॅडम, आता माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न आहे. त्या दिवशी इथं असली झाडं दिसून चालणार नाहीत. जमत नसेल तर सांगा, मी दुसरा माणूस बघून ठेवलाय.”

घरी येऊन क्रांती जाळीखाली नुसती बसून राहिली. तिला भीती वाटत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांना बुडवून मारलंसा म्हणून झापत आलो, आणि आपलीच झाडं आपल्या डोळ्यांदेखत चाललीत, कशानं ते कळेना. मिलिंद चहा घेऊन आला.

“एक कुंडी रिकामी करून बघितलीस का?” त्यानं विचारलं.

“मुळं उसकली तर पाम धरत न्हाय परत.”

“रिक्षा बंद पडली तर मी इंजिन उघडतोच की. नुसतं बाहेरनं फडकं मारून चालू हुती व्हय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल रिकामा असताना तिनं मागच्या अंगणात पोतं अंथरलं आणि सगळ्यात वाईट दिसणारा अरेका त्यावर आडवा केला. कुंडी थोपटून थोपटून ओढली. झाड सुटून बाहेर आलं आणि तिचा तिच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. वरच्या बाजूला लालभडक मातीचा जाड थर होता, भाकरीसारखा थापलेला. त्याखाली तिनं भरलेली नारळाच्या भुशाची, म्हणजे कोकोपीटची, आणि वाळूची माती अगदी कोरडी ठाक. मुळं सुतळीसारखी वाळलेली.

तिला सगळं उमगलं. वरून घातलेलं पाणी या थरातून खाली उतरतच नव्हतं. ते कडेकडेनं कुंडीच्या भिंतीवरून सरळ ताटलीत जात होतं. बोटाला ओल लागत होती ती या थराची. ताटली भरलेली आणि झाड तहानलेलं. आणि अशा तहानलेल्या झाडाचं पाणी आपण स्वतः तोडलं होतं.

रागाच्या भरात तिनं त्या थराचं एक मोठं ढेकूळ जमिनीवर आपटलं आणि चपलेच्या टाचेनं चिरडायला पाय उचलला.

“ताई, पायानं नको.”

वस्ताद मागं उभे होते. दुखल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. पुढं येऊन ते वाकले, ते ढेकूळ उचललं, कपाळाला लावलं आणि पोत्यावर अलगद ठेवलं.

 क्रांतीनं ते उचलून नाकाशी नेलं. हळद होतीच, पण कापूरही होता, आंबूस ताक होतं, तेलही होतं.

“वस्ताद, कुठली माती ही?”

“तालमीतली. हौदातली.” वस्तादांचा चेहरा खुलला. “वळखलीसा न्हवं? तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, समदं मुरलंय तिच्यात. म्हटलं, तुमची झाडं नवीन जागंत आल्यात, पाय रोवून उभी ऱ्हावीत. म्हणून पहिल्या आठवड्यातच गोट्याखाली एकेक ओंजळ घातली. मग ती जरा मलूल दिसाय लागली, तवा आणि घातली.”

“आणि मग?”

“मग लईच मलूल झाली. तवा पाटीभर आणली की.”

क्रांतीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. तिची जीभ राजारामपुरीत प्रसिद्ध आहे. पण समोर उभा असलेला हा थोराड म्हातारा शाबासकीची वाट बघत होता, आणि त्याला ओरडायला तोंड उघडेना.

तिला माहेरच्या जत्रेतल्या कुस्त्या आठवल्या. पोरींनी मैदानात जायचं नाही, म्हणून ती भिंतीवर चढून बघायची. वडील मैदानाच्या कडेला, सगळ्यांच्या मागं लांबच उभे राहायचे. पुढं का जात नाही, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. ज्या मातीला शिवायची तिच्या घरातल्या कुणाची छाती झाली नव्हती, ती माती हा माणूस सायकलवर पाटी लावून पुन्हा पुन्हा तिच्या झाडांसाठी आणत होता. त्याच्यापाशी जे सगळ्यात चांगलं होतं ते त्यानं दिलं होतं. झाडं त्यानंच मरत होती, हेही तेवढंच खरं होतं.

“वस्ताद,” ती शेवटी म्हणाली, “पैलवानाला ही माती अंगाला लावायला हाय. झाडाला ती प्यायला लागती. तेलामुळं पाणी खालीच उतरंना. झाडं तहानंनं चाललीत.”

वस्तादांनी वाळलेल्या मुळांकडं बघितलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. ते एवढंच म्हणाले, “म्हणजे मीच मारली,” आणि पायरीवर बसले.

नेमके त्याच वेळी इंगवले आले. उलटी कुंडी, लाल माती, आडवं झाड. “काय झालं?”

“माती चुकली,” क्रांती म्हणाली. “सगळ्या कुंड्यांची बदलाय लागंल.”

“माती तुम्हीच भरली होती ना?”

वस्तादांच्या जागी एजन्सीचा तरुण माणूस ठेवायचं इंगवल्यांच्या मनात कधीपासून होतं, हे हॉलवर सगळ्यांना ठाऊक होतं. क्रांतीलाही होतं. तिनं एकदा पायरीकडं बघितलं आणि म्हणाली, “व्हय. मीच.”

“खोटं बोलालीया ती,” वस्ताद उठून उभे राहिले. “माती मी घातली, मालक. तिला म्हाईतबी नव्हतं. माझीच पाठ मातीला लागलीया, मी कबूल करतो.”

इंगवले वैतागले. “म्हणजे आता काढू कुणाला दोघांतलं?”

“कुणालाच नको,” क्रांती म्हणाली. “आधी झाडं बाहेर काढू. ती जगू द्यात, मग काय काढायचं ते काढा.”

इंगवल्यांनी घड्याळात बघितलं. “लग्नाच्या दिवशी व्हरांडा भरलेला दिसला पाहिजे. एवढंच सांगतो.” आणि ते निघून गेले. काम राहिलं की गेलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि क्रांतीलाही विचारायचं धाडस झालं नाही.

दुपारी तालमीतले पैलवान आले. वस्तादांनी बोलावलं होतं. त्यांनी कुंड्या उचलून टेम्पोत चढवल्या, कळंब्याला उतरवल्या, आणि मिलिंदनं केलेला चहा पातेलंभर संपवला. क्रांतीनं एकेका झाडाचा लाल थर हातानं हलकेच सोडवला. मुळांचा गड्डा पाण्याच्या टबात बुडवला. कोरड्या मातीतून बुडबुडे यायला लागले. ते थांबेपर्यंत झाड तसंच ठेवायचं, मग निथळत ठेवायचं, मग नवी मोकळी माती. करपलेली टोकं कात्रीनं तिरकी कापायची, पण हिरव्या भागाला धक्का लावायचा नाही. वस्ताद बाजूला बसून बघत होते.

“खत?” त्यांनी विचारलं.

“आत्ता न्हाय.”

“थोडं दूध? ताकद येईल की.”

“आजारी हाय ते, वस्ताद. आजाऱ्याला मऊ भात देत्यात, खुराक न्हाय.”

वस्तादांना हे पटलं. खुराकाचं त्यांना कळत होतं.

आता प्रश्न लग्नाचा. ही झाडं तोवर उभी राहणार नव्हती. जाळीखाली उरलेले पाम हिरवे होते, पण उंचीनं कमी. व्हरांड्यात ठेवले तर पाहुण्यांच्या गुडघ्याशी आले असते. क्रांती ते घेऊन हॉलवर गेली खरी, आणि विटा शोधत मागच्या अंगणात फिरत होती, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात अंबूबाई दिसली. क्रांती थांबली. तिला माफीचे शब्द वापरायची सवयच नव्हती.

“तुमच्या बायकांची चूक नव्हती,” ती म्हणाली. “मी उगीच बोललो.”

“मला ठावं हुतं,” अंबूबाई म्हणाली. “वस्तादांनी सांगितलं समदं. रडकुंडीला आलावता म्हातारा.” मग तिनं त्या बुटक्या झाडांकडं बघितलं. “हे एवढंच?”

“एवढंच.”

अंबूबाईनं आत बघून हाक मारली. रश्श्याची मोठमोठी जादा पातेली बाहेर आली. बायकांनी ती व्हरांड्यात उपडी घातली, क्रांतीनं त्यावर कुंड्या ठेवल्या आणि स्टेजचं उरलेलं जरीकाठी कापड भोवती गुंडाळलं. बुटके पाम माणसाच्या खांद्याला आले.

लग्न लागलं. गर्दी, फोटो, आहेर, मानपान, पंगती. क्रांती खांबाआड उभी राहून कुणाचा धक्का कुठल्या कुंडीला लागतो ते बघत होती. इंगवले पाहुण्यांना जेवायला नेताना व्हरांड्यातून आले आणि त्यांच्या बुटाचं टोक एका कापडाला लागलं. आतून टण्ण आवाज आला. ते थबकले. कापड जरासं उचलून आत बघितलं. 

त्यांनी कापड नीट सोडलं, पाहुण्यांना पुढं जायला सांगितलं आणि खांबापाशी आले. “अंबूबाईंची पातेली वाटतं ही?”

“व्हय.”

इंगवल्यांनी बाजूच्या कुंडीतला एक गोटा उचलला, हातात खेळवला. “पुढच्या आठवड्यापासून नेहमीसारखं या, शिंगे मॅडम. हॉटेलचंही बोलू. आणि हे गोटे काढून टाका सगळे. माती दिसू दे जरा.” जाता जाता दारात थांबून त्यांनी वस्तादांना सांगितलं, “वस्ताद, तुम्ही माणसं बघा. झाडं त्या बघतील.”

क्रांती स्वयंपाकघरात गेली आणि अंबूबाईच्या शेजारी पाटावर बसून पोटभर जेवली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

जाळीखालची झाडं हळूहळू सावरली. सगळी नाही. दोन अरेका गेले, ते तिनं शेवटपर्यंत पाणी देऊन, मग हात जोडून बाजूला काढले. पण बाकीच्यांच्या मधोमध एकेक करून सुया वर आल्या. पहिली सुई दिसली, त्या सकाळी तिनं वस्तादांना फोन करून बोलावून घेतलं. ते सायकलवरून आले, बराच वेळ त्या सुईकडं बघत बसले आणि परत गेले.

राहिली ती लाल माती. क्रांतीनं ती टाकली नव्हती. खत म्हणून उपयोग नाही, गटारात टाकवत नाही. तिनं ती चाळणीनं चाळली, त्यातलं कोकोपीट आणि मुळांचे तुकडे वेचून काढले, उन्हात वाळवली आणि पोत्यात भरून ठेवली. एका रविवारी सकाळी ते पोतं स्कूटीवर पुढं घेऊन ती तालमीवर गेली.

दारात एक पैलवान जोर काढत होता. तिला बघून तो थांबला. “काय काम हुतं, मावशी? चपला तिथं काढा.”

“मावशी काय म्हणतोस?” आतून वस्तादांचा आवाज आला. “क्रांती शिंगे हाईत त्या. नावानं बोल.”

पैलवान वरमला. “या, क्रांतीताई,” म्हणाला आणि तिच्या हातातलं पोतं घेऊ लागला. तिनं ते दिलं नाही. चपला काढून ती आत गेली. आत अंधूक उजेड होता आणि तोच वास होता, कापराचा आणि ताकाचा. हौदाच्या काठाशी येऊन ती थांबली. पाय पुढं उचलेना.

“माती परत आणलीया, वस्ताद. मी हितनंच देतो. तुम्ही वता आत.”

वस्ताद हौदात उभे होते, गुडघ्यापर्यंत लाल. त्यांनी मान हलवली. “तुमच्या झाडाला लागलीया ती. तुम्हीच वता. या की आत, कोण काय म्हणत न्हाय.”

क्रांतीला वडील आठवले, सगळ्यांच्या मागं उभे असलेले. ते असते तर आज तिनं त्यांना इथं हाताला धरून आणलं असतं. तिनं डोळे पुसले, वाकून मातीला हात लावला, हात कपाळाला लावला आणि हौदात उतरली. माती पायाला गार आणि मऊ लागली. तिनं पोत्याचं तोंड सोडलं आणि चालत चालत सगळीकडं सारखी पसरली. जोर काढणारे पैलवान थांबून बघत होते.

पोतं रिकामं झालं. वस्ताद खाली बसले, त्या नव्या पसरलेल्या मातीत त्यांनी बोट खुपसलं, बाहेर काढून नीट बघितलं आणि तिच्याकडं वळले.

“कोरडी हाय,” ते म्हणाले. “पाणी मारू का?”

“मारा,” क्रांती म्हणाली. “हिला चालतंय.”